खाचेच्या खाली

१

सहलीच्या आदल्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही, आणि त्यात समुद्राचा काही दोष नव्हता. समुद्राची काळजी तिने बुधवारीच करून संपवली होती. बोट उलटणं, गळ डोळ्यात जाणं, ऊन लागणं, पोटात ढवळणं, लाइफ जॅकेटचं बक्कल ऐन वेळी न लागणं, अशी यादी करून, प्रत्येकीसमोर उपाय लिहून, तो कागद तिने पर्समध्ये घडी करून ठेवला होता. झोप उडवली होती ती स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीनं.

चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. मुलगी धरून उभी राहायला लागली तेव्हापासून दर तीन महिन्यांनी एक. पाठ चौकटीला, टाचा जुळलेल्या, हनुवटी सरळ, डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, आणि पुस्तकाच्या खालच्या कडेशी रेघ. ती शाळेत विज्ञान शिकवायची. माप तीनदा घ्यावं आणि सरासरी काढावी, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. खालच्या रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या नीट वर चढत आल्या होत्या. वरच्या चार मात्र एकमेकींच्या अंगावर पडून त्यांची एकच काळी, जाड रेघ झाली होती. एक वर्ष. या वर्षात मुलीचे पुढचे दोन दात पडले, ती वाचायला लागली, उलट उत्तरं द्यायला लागली. फक्त वर जायची थांबली.

“काही मुलं सावकाश वाढतात,” डॉक्टर म्हणाले होते. “वाट पाहू.” डॉक्टर स्वतः सहा फूट होते. त्यांचं काय जातंय वाट पाहायला, असं तिला तेव्हा वाटून गेलं होतं.

सासूबाई म्हणायच्या, “आमच्याकडे सगळे ताडमाड.” एवढं म्हणून सुनेकडे डोक्यापासून पायापर्यंत बघायच्या. त्याला फार वेळ लागायचा नाही.

आणि नवऱ्याने मुलीचं नाव मुंगी ठेवलं होतं. घरात, सोसायटीत, शाळेच्या बसमध्येसुद्धा ती आता मुंगीच होती. एकदा तिने नवऱ्याला म्हटलं होतं, नको ना असं म्हणू. तर तो म्हणाला, “प्रेमानं म्हणतो गं. तुला ना, साधी चेष्टा कळत नाही.”

हे वाक्य त्यांच्या लग्नात मिठासारखं झालं होतं. रोज थोडं थोडं, प्रत्येक गोष्टीत.

२

सकाळी सातला ते धक्क्यावर पोहोचले. नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी याच बोटीवरचे फोटो दाखवले होते, दोन्ही हातांत न मावणारा मासा धरलेले, तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे खूळ शिरलं होतं. लांब जायचं नव्हतं. किनारा दिसत राहील अशा बेतानं, खाडीच्या तोंडापर्यंत. चार तास. गळ, आमिष, बोट, सगळं नावाड्याचं.

नावाडी साठीचा असावा. अंगात इस्त्रीचा शर्ट, नखं स्वच्छ कापलेली. बोटीला मासळीचा वास नव्हता. साबणाचा होता. चांगली गोष्ट आहे, असं तिने मनाला सांगितलं. स्वच्छता असली की मन शांत व्हायला हवं. तिचं झालं नाही, पण तिचं मन दवाखान्यातही शांत व्हायचं नाही, तेव्हा तो काही पुरावा नव्हे.

बोटीचा काठ मुंगीच्या छातीशी येत होता. नवऱ्याने एका बाजूनं आणि तिने दुसऱ्या बाजूनं धरून तिला आत घेतलं. केशरी लाइफ जॅकेट सगळ्यात लहान मापाचं, पट्टे पार शेवटपर्यंत आवळलेले, तरी ते मुलीच्या कानांपर्यंत येत होतं.

“जॅकेटला मुलगी घातल्यासारखं दिसतंय,” नवरा म्हणाला.

मग तिने पर्समधून पडद्याची पांढरी सुती दोरी काढली. एक टोक जॅकेटच्या मागच्या कडीत ओवून गाठ मारली, दुसरं आपल्या डाव्या मनगटाला बांधलं. यादीतल्या पहिल्या काळजीसमोर हाच उपाय लिहिलेला होता.

“अगं, फिरायला कुत्रं आणलंस का?”

“लोक बघतायत,” सासूबाई म्हणाल्या. लोक म्हणजे एक पांढरा पक्षी आणि नावाडी.

नावाडी खरंच बघत होता. गाठीकडे. जवळ येऊन त्याने दोरी दोन बोटांत धरून जराशी ताणली.

“दोरी चांगली आहे, ताई,” तो म्हणाला.

गेल्या कित्येक दिवसांत तिच्या कुठल्याही गोष्टीला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. त्या एका वाक्यासाठी तिला तो माणूस आवडला. पुढे कितीतरी वेळा तिला याचीच चीड आली.

३

खाडीच्या तोंडाशी त्याने इंजिन बंद केलं. पाणी इतकं उथळ आणि नितळ होतं की तळाची वाळू दिसत होती, आणि वाळूवर बोटीची सावली. नावाड्याने गळाला आमिष लावून ज्याच्या त्याच्या हातात काठी दिली. मुंगीला छोटी, हातभर काठी. सासूबाईंनी थर्मास आणि बिस्किटांचा डबा सांभाळायचं पत्करलं.

आडव्या बाकावर एक फळी ठेवलेली होती. तिच्या एका टोकाला आडवी पट्टी. माशाचं तोंड त्या पट्टीला टेकवायचं आणि शेपूट कुठवर येते बघायची. फळीवर तीन खाचा होत्या, प्रत्येकीत लाल रंग भरलेला. कोणत्या माशाला कोणती खाच, ते नावाड्याला पाठ होतं.

“खाचेच्या पुढे गेला तर ठेवता येतो,” तो म्हणाला. “अलीकडे राहिला तर सोडायचा. लहान आहे, वाढायचा आहे अजून.”

“आणि सोडलाच नाही तर?” नवऱ्याने विचारलं.

“मी विचारतो ना. प्रत्येक वेळी विचारतो. ज्याची दोरी, त्याचा शब्द.”

पहिला मासा नवऱ्यालाच लागला. काठी वाकली, रीळ फिरलं, दहा मिनिटं आरडाओरडा, आणि नावाड्याने जाळीत वर घेतला तो चांगला कोपरभर लांब मासा. फळीवर ठेवल्यावर शेपूट खाचेच्या दोन बोटं पुढे.

“ठेवायचा की सोडायचा?”

नवरा छाती काढून उभा राहिला. बायको, आई, मुलगी, सगळे बघत होते. “सोडा हो काका,” तो मोठ्या मनानं म्हणाला. “जगू दे बिचाऱ्याला.”

त्याच्या मनात असं असावं की आता नावाडी म्हणेल, अहो साहेब, एवढा मोठा मासा, आणि मग हो-नाही करत फोटो निघतील. नावाड्याने ओणवं होऊन मासा पाण्यात धरला, आणि तो गेला. एका क्षणात, तळाच्या वाळूवरची सावलीसुद्धा.

“अहो, फोटो तरी काढू द्यायचा!”

“तुम्ही सोडा म्हणालात.”

“ते मी असंच म्हटलं हो.”

“पाण्यावर असंच काही नसतं, साहेब. मी दोनदा विचारत नाही.” आवाजात राग नव्हता. बसचा कंडक्टर थांब्याचं नाव सांगतो, तसा आवाज.

नवऱ्याचं तोंड उतरलं. थोड्या वेळाने तो तिला म्हणाला, “तू मध्येच ‘सांभाळून, सांभाळून’ करत होतीस, म्हणून माझं लक्ष गेलं.” सगळ्याचं खापर आपल्याच डोक्यावर फुटायची तिला सवय होती. उलट फुटलं नसतं तर चुकल्यासारखं वाटलं असतं.

४

मुंगीला एक मासा लागला. बोटाएवढा. फळीवर तो पहिल्या खाचेच्या निम्म्यातही पोहोचत नव्हता.

“ठेवायचा की सोडायचा?” नावाड्याने तिलाही त्याच आवाजात विचारलं.

“सोडायचा,” मुंगी म्हणाली. “पण माझ्या हातानं. बादलीत ठेवा आधी.” मग बादलीवर ओणवून ती कान देऊन ऐकायला लागली. “आई, तो म्हणतोय त्याची आई त्याला शोधत असेल. म्हणतोय ती रागावणारी आई आहे पण डबा छान देते.”

“तुझाच मासा तो,” सासूबाई म्हणाल्या. “बोलकाही आणि पिटुकलाही.”

“पुढे वाळूचा पट्टा आहे, तिथं उतरून सोडू,” नावाडी म्हणाला.

पाण्याची बाटली आणायला ती बोटीच्या केबिनकडे वळली. केबिन कसली, उभं कपाटच. दोरीमुळे मुंगीही मागोमाग आली. केबिनच्या दाराच्या चौकटीवर, तिच्या स्वतःच्या छातीच्या जरा खाली, मुंगीच्या डोक्याच्या वर, एक खाच होती. आत लाल रंग भरलेला.

तोच लाल.

ती बाटली हातात घेऊन उभी राहिली. एवढा उंच मासा या पाण्यात नसतो, हे सांगायला विज्ञानाची पदवी लागत नाही. काहीतरी टांगून मोजत असतील. जाळं. दोर. खाचेखाली बारीक रेघा होत्या, पेन्सिलीच्या, पुष्कळ. काही जवळजवळ पुसट झालेल्या. खाचेच्या वर एकही नव्हती. आणि या रेघा कशाच्या आहेत, हे जगातल्या कुणाहीपेक्षा तिला जास्त चांगलं कळायला हवं होतं.

“तुमची नातवंडं?” तिने विचारलं.

“मला कुणी नाही,” नावाडी म्हणाला.

“मग या खुणा?”

“मापं आहेत.”

आता नवरा उठून आला. आपला रुसवा घालवायला त्याला काहीतरी हवंच होतं. “कसली मापं? अरे वा. मुंगे, लाग बघू चौकटीला.”

मुलीला सांगावं लागलं नाही. पाठ चौकटीला, टाचा जुळलेल्या, हनुवटी सरळ, हात अंगाशी. सवयच ती. नावाड्याने येऊन तिच्या डोक्यावर तळहात आडवा धरला. खाच हाताच्या वर होती. चार बोटं वर.

“कमी भरली,” नवरा म्हणाला. “आता सोडावी लागणार.”

“सोडा, सोडा,” सासूबाई हसल्या. “बिस्किटं तरी उरतील आम्हाला.”

मुंगीही हसायला लागली, पण हनुवटी न हलवता. नावाडी हसला नाही. त्याने जॅकेटच्या कडीतून निघालेल्या पांढऱ्या दोरीवरून नजर नेत नेत आईच्या मनगटापर्यंत आणली.

“दोरी तुमची, ताई,” तो म्हणाला. “ठेवायची की सोडायची?”

सगळे तिच्याकडे बघत होते. नवऱ्याच्या चेहऱ्यावर तो भाव आलाच होता, की आता ही विरजण घालणार. बागेतल्या सहलीवर तिने झोपाळ्याच्या साखळ्या तपासत बसून घातलं होतं. त्याच्या मित्राकडे जिन्याला कठडा नव्हता म्हणून घातलं होतं. आत्ताही तिच्या जिभेवर आलं होतं, असलं काही बोलू नका. ते तिने गिळलं. एकदा, तिला वाटलं, फक्त एकदा आपणही त्यांच्यातलं एक व्हावं.

तिने छाती काढली, नवऱ्याचा आवाज काढला, आणि म्हणाली, “सोडा हो काका. जगू दे बिचारीला.”

हशा पिकला. सासूबाईंना ठसका लागला. नवरा डोळे पुसेपर्यंत हसला, आणि हसता हसता त्याने तिच्या खांद्यावर हात टाकला. “अरे, हिला चेष्टा करता येते,” तो म्हणाला. हात तिथेच राहिला. किती महिन्यांनी. तिला आनंद झाला, अगदी शाळकरी पोरीसारखा, आणि त्या आनंदात ती इतकी गुंतली की मनगटाची गाठ कुणी सोडली ते तिला कळलंच नाही. खाली बघितलं तेव्हा दोरीचं टोक नावाड्याच्या हातात होतं.

५

वाळूचा पट्टा पाण्याच्या वर जेमतेम वीतभर होता. चारही बाजूंनी पाणी. नावाडी गुडघाभर पाण्यात उतरला, त्याने मुंगीला उचलून खाली घेतलं आणि बादली तिच्या हातात दिली. तिच्या कमरेपर्यंत पाणी आलं. दोरी तिच्यामागे पाण्यावर पांढरी रेघ ओढत तरंगत होती.

“मीही येते,” ती उठली.

“बस गं,” नवरा म्हणाला. “चार पावलांवर तर जातायत. आत्ता कुठे जरा माणसात आलीस.”

खांद्यावर त्याचा हात होता, हातात सासूबाईंनी दिलेला चहाचा कप. ती बसली.

ती दोघं बोटीच्या पुढच्या टोकाला वळसा घालून दिसेनाशी झाली. मुंगीचा आवाज येत होता. माशाला ती काहीतरी समजावत होती, घरी गेल्यावर काय काय सांगायचं ते. मग “बाय” म्हणाली. मग पाण्यात काहीतरी पडल्याचा छोटासा आवाज.

मग आवाज नाही.

तिने मनात आकडे मोजायला सुरुवात केली. तेहतीसला तिच्या ध्यानात आलं की बोटीच्या अंगावर आपटणाऱ्या पाण्याचाही आवाज येत नाहीये. चहाच्या कपातला चहा हलत नव्हता. नवरा कुठला तरी किस्सा सांगत होता, त्याचे ओठ हलत होते, आणि ती एक्केचाळीस, बेचाळीस करत होती. एकोणसत्तरला नावाडी वळसा घालून आला. त्याच्या हाताला धरून मुंगी.

तिचा श्वास सुटला. बघ, तिने स्वतःला म्हटलं. बघ, किती मूर्ख आहेस.

मुंगीने काठावर दोन्ही हात टेकले, पाय वर टाकला आणि बोटीत आली. कुणी उचललं नाही. येऊन ती बाकावर बसली आणि बिस्किटांचा डबा उघडला.

“दोरी कुठे गेली गं?”

मुंगीने आईच्या रिकाम्या मनगटाकडे बघितलं, आणि मग डब्यात.

“काय म्हणाला तुझा मासा जाताना?” नवऱ्याने विचारलं.

“मासे बोलत नाहीत, बाबा,” मुंगी म्हणाली.

“झाली शहाणी,” सासूबाई म्हणाल्या, आणि नावाड्याने इंजिन सुरू केलं.

६

परतताना ती मुलीला जवळ घेऊन बसली. हात गरम होता. केसांना घरच्या तेलाचा वास होता. डाव्या भुवईतला कांजिण्यांचा व्रण जिथल्या तिथे. जॅकेट कानांपर्यंत येत नव्हतं. खांद्यांवर बसलं होतं. ओलं झालं की आकसत असेल, तिने ठरवलं. किंवा पट्टे सैल झाले असतील. पट्टे तिने तपासले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा तिने एखादी गोष्ट तपासली नाही.

मग तिने मागे वळून बघितलं. बघायचं काही कारण नव्हतं.

वाळूचा पट्टा आता वर नव्हता. तो जिथे होता तिथे पाण्याचा रंग जरा फिकट होता, एवढंच. आणि त्या फिकट पाण्यात, मधोमध, काहीतरी केशरी.

पाण्यावर तरंगणारा बोया असेल. बोया केशरीच असतात. पण बोया लाटेबरोबर डोलतो. हे डोलत नव्हतं. हे उभं होतं. छातीपर्यंत पाण्यात, अगदी ताठ, पाठीमागे चौकट असल्यासारखं. हात अंगाशी. हनुवटी सरळ. केशरी रंग कानांपर्यंत आलेला. आणि त्याच्या एका बाजूला पाण्यावर पांढरी, बारीक रेघ, तिच्याकडे टोक करून पसरलेली.

जी मुलगी मांडीला खेटून बसली आहे ती त्याच वेळी पाण्यात उभी असू शकत नाही. एक वस्तू एका वेळी एकाच जागी असते. हे ती सातवीला शिकवते. परीक्षेत विचारते.

“काका,” ती म्हणाली, “ते मागे काय आहे?”

नावाड्याने मान वळवली नाही. “भरती,” तो म्हणाला.

तिने नवऱ्याकडे बघितलं. तो तोंडावर वारा घेत गुणगुणत होता, आणि त्याचा हात अजून तिच्या खांद्यावर होता. आता जर ती म्हणाली, थांबा, बोट वळवा, तर तो विचारेल, का? आणि ती काय सांगणार? तिला त्याचा चेहरा दिसला, हात उचलला जाताना दिसला, पुढच्या आठवड्यात ऑफिसात, नातेवाइकांत सांगितला जाणारा किस्सा ऐकू आला: मुलगी शेजारी बसलीय आणि ही बाई म्हणते, मुलगी मागे राहिली.

तरी ती बोलली असती. असं ती पुढे स्वतःला अनेकदा सांगायची. ती बोलणारच होती. पण तेवढ्यात बोट वळली, मध्ये धक्क्याचे खांब आले, आणि खांबांच्या पलीकडे पाहिलं तेव्हा पाण्याचा रंग सगळीकडे सारखा होता.

७

घरात आनंदीआनंद झाला. मुंगी एक पोळी खायची ती तीन खायला लागली. वेगळ्या खोलीत एकटी झोपायला लागली. सँडल लागतात म्हणाली, तर सासूबाईंनी दुपारीच नेऊन एक नंबर मोठे घेऊन दिले. “समुद्राची हवा लागली बघ पोरीला,” त्या म्हणाल्या. “मी म्हणतच होते, चार भिंतींत कोंडून ठेवू नका.” त्या असं कधीच म्हणाल्या नव्हत्या.

नवरा तिच्याशी बरं वागत होता. ऑफिसातून आल्यावर सांगायचा, तुझी ती नक्कल मी सगळ्यांना करून दाखवली. ‘जगू दे बिचारीला.’ लोक लोळले.

तिने नावाड्याला दोनदा फोन केला. पहिल्यांदा त्याने उचलला. ती म्हणाली, “मी त्या दिवशी आले होते. मुलीला दोरी बांधलेली.” तो म्हणाला, “हो, ताई.” त्यापुढे तिला एकही वाक्य सुचलं नाही. तोही थांबून राहिला, सभ्यपणे, गिऱ्हाईकाला काय हवं ते आठवेपर्यंत दुकानदारानं थांबावं तसा. तिने फोन ठेवला. दुसऱ्यांदा ती धीर करून विचारणार होती, पण त्याने आधीच सांगितलं, “मी दोनदा विचारत नाही, ताई, आणि दोनदा सांगतही नाही.”

वर्तमानपत्रात आतल्या पानावर तळाशी भरती-ओहोटीच्या वेळा येतात, हे इतकी वर्षं तिला माहीत नव्हतं. आता त्या तिला पाठ झाल्या. वर्गात फळ्याकडे पाठ करून उभी असताना, मधल्या सुट्टीत डबा उघडताना तिला कळायचं, आत्ता गळ्यापर्यंत असेल. आत्ता उतरायला लागलं असेल. आत्ता वाळू उघडी पडली असेल, आणि चारही बाजूंना कुणी नसेल.

मग मुंगीकडे बघून ती स्वतःच्या थोबाडीत मारल्यासारखी भानावर यायची. पोर समोर आहे. खाते, हसते, पाढे म्हणते. मासे, कावळे, टेबलखुर्च्या यांच्याशी बोलत नाही, एवढंच. मुलं मोठी होतात. तूच तर रोज देवाजवळ मागत होतीस.

माप घ्यायचं तिने तीन आठवडे टाळलं. शेवटी रविवारी सकाळी सासूबाईंनीच पुस्तक आणि पेन्सिल तिच्या हातात आणून दिली. नवरा दाढी अर्धवट टाकून आला.

“उभी राहा,” ती म्हणाली.

मुंगी चौकटीला लागून उभी राहिली. एका पायावर भार, कंबर कलती, हनुवटी वर.

“नीट उभी राहा ना.”

“नीट म्हणजे कशी?”

तिने खाली बसून मुलीच्या टाचा जुळवल्या. गुडघे सरळ केले. हनुवटी बोटाने खाली आणली. सहा वर्षांत हे तिला कधी करावं लागलं नव्हतं. डोक्यावर पुस्तक ठेवलं, रेघ ओढली. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. सरासरी काढायची गरज नव्हती, तिन्ही रेघा एकावर एक बसल्या.

जुन्या जाड रेघेच्या वर, चार बोटं.

“बघितलंस?” नवरा म्हणाला. अर्ध्या तोंडाला फेस होता. “उगाच वर्षभर जीव काढलास सगळ्यांचा. आता मुंगी म्हणायची सोय राहिली नाही.”

“मला वाटलं, तुझ्यावरच गेलीय की काय,” सासूबाई सुनेला म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या पाठीवरून हात फिरवला. “पण निघाली आमचीच.”

ती दोघं गेली. नळाचा आवाज आला, भांड्यांचा आवाज आला. ती पेन्सिल हातात घेऊन जमिनीवर बसून राहिली. मुलगी गेली नव्हती. ती वळून चौकटीकडे बघत होती. नव्या रेघेकडे नाही. गुडघ्यांत वाकून, खालच्या जाड, काळ्या रेघेशी डोळे आणून, एखाद्याच्या चेहऱ्याशी चेहरा न्यावा तशी. मग तिने त्या रेघेवर बोट ठेवलं.

“काय बघतेस?” तिने विचारलं.

“ही विचारत होती, आई खरंच ‘सोडा’ म्हणाली का,” मुलगी म्हणाली. “मी सांगितलं, हसत हसत म्हणाली. तर म्हणाली, मग मी इथंच थांबते, आई येईल.”